मिस्त्रीच्या घरचा पत्ता

कागदावर ती ‘1932 फोर्ड’ होती. प्रत्यक्षात 1932 ची होती ती नुसती चासी. वरची बॉडी 1929 च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची, म्हणजे दोन माणसांच्या उघड्या गाडीची, इंजिन महायुद्धानंतरच्या फोर्डचं, त्यातला क्रँक फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचा आणि ब्रेक कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचे. दक्षिण कॅलिफोर्नियात युद्धाच्या आगेमागे विशीतल्या पोरांनी घरामागच्या शेडमध्ये अशा कितीतरी हॉट रॉड बांधल्या. भंगारातून बॉडी आणायची, मडगार्ड, बंपर, छत, जे जे वजन वाढवतं ते उतरवायचं, इंजिनात हात घालायचा आणि रविवारी वाळवंटात नेऊन गाडी किती पळते ते मोजायचं. फोर्डच्या कुठल्याही कारखान्यातून ही गाडी अशी बाहेर पडलेली नाही. ती बांधणारा माणूस वेगळाच, आणि त्याचं नाव गाडीच्या एकाही कागदावर नव्हतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. कॉलेज सुटलं की मी तिथेच. एखादा जॉब हातात आला की वडील तो उलटासुलटा करून बघायचे आणि कुणी केलाय ते सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला स्थायिक झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण ती खोड गेली नाही. ही गाडी मी घेतली एका वारलेल्या गृहस्थांच्या मुलाकडून. त्या गृहस्थांनी ती 1970 च्या दशकात कुणाकडून तरी घेतली आणि गॅरेजात ताडपत्रीखाली ठेवून दिली, ती ठेवलीच. इंजिन जाम नव्हतं, पत्रा बऱ्यापैकी धड होता. घेताना मला तेवढंच बघायचं होतं.

खाली झोपून काम सुरू केल्यावर पहिल्यांदा नजरेत भरली ती तार. विमानात बोल्ट कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून बोल्टच्या डोक्याला आडवं भोक पाडतात आणि शेजारशेजारचे दोन बोल्ट पीळ दिलेल्या तारेने बांधतात. बांधायचे असे, की एक सुटायला लागला तर तार दुसऱ्याला आवळेल. या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर, स्टिअरिंग बॉक्सवर, ब्रेकच्या प्लेटवर अशी तार होती आणि पीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. बोल्टांच्या डोक्यांवर विमानाच्या बोल्टांना असते ती फुलीसारखी खूणही होती. आता युद्ध संपल्यावर तसे बोल्ट सरप्लसच्या दुकानांत वजनावर मिळत, त्यामुळे नुसत्या बोल्टांवरून काहीच सिद्ध होत नाही. तारेला असा पीळ द्यायचा तर मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. या माणसाला कुठल्या तरी विमान कारखान्यात फोरमनने चार शिव्या घालून शिकवलेलं असणार, याबद्दल माझी खात्री झाली.

अडचण अशी, की त्या काळी या भागात निम्मं गाव विमानांच्या कारखान्यांत होतं. डग्लसचे कारखाने सांता मोनिका, एल सेगुंडो आणि लाँग बीचला, नॉर्थ अमेरिकनचा इंगलवूडला, लॉकहीडचा बरबँकला, नॉर्थ्रॉपचा हॉथॉर्नला. एवढ्यातून एक मिस्त्री कसा शोधायचा? हो, तेव्हापासून मी त्याला मिस्त्रीच म्हणायला लागलो. इथेही तेच म्हणणार आहे, कारण नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलंय.

दुसरी खूण जनरेटरच्या ब्रॅकेटखाली सापडली. या इंजिनावर एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले की जनरेटरला जागा उरत नाही, तो बाजूला सरकवावा लागतो. त्यासाठी मिस्त्रीने जाड पट्टी कापून स्वतः ब्रॅकेट केला होता. कडा कानशीने मारलेल्या, कोपरे गोल केलेले, आणि खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, पंचाने ठोकलेली दोन अक्षरं. टूलरूममधला माणूस आपल्या हत्यारावर ठोकतो तशी, अगदी एका रेषेत.

तिसरी खूण डॅशबोर्डवर. उजव्या कडेला चार बारीक भोकं, दोन-दोनच्या जोडीत, आणि प्रत्येक जोडीभोवती आयताकृती जागेवर रंग जरा ताजा. या नादातल्या कुणालाही ते बघून काय ते कळतं. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही 1937 साली स्थापन झालेली संस्था वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर गाड्यांचा वेग मोजते. युद्धाआधी हे चालायचं मुरॉकच्या तळ्यावर. ती जागा लष्कराने घेतली, तिथे आज एडवर्ड्स हवाई तळ आहे. मग सगळे मोहावी वाळवंटातल्या एल मिराज तळ्यावर गेले, आणि अजूनही तिथेच जातात. वेग मोजला गेला की पितळेची छोटी पट्टी मिळायची, तिच्यावर तारीख आणि वेग ठोकलेला. पोरं ती डॅशबोर्डवर स्क्रूने लावून मिरवत. आमच्या गाडीवर एकेकाळी अशा दोन पट्ट्या होत्या आणि दोन्ही कुणीतरी काढून घेतल्या होत्या. स्क्रूची भोकं फाटलेली नव्हती. चोराने उपटलेल्या नव्हत्या त्या, मालकाने सावकाश स्क्रू फिरवून काढल्या होत्या.

आता सरळ मार्ग म्हणजे वाहन नोंदणी खात्याला जुन्या मालकांची नावं विचारणं. तो 1994 च्या कायद्याने बंद झालाय. एका अभिनेत्रीचा पत्ता त्याच खात्याच्या नोंदींतून काढून 1989 साली तिचा खून झाला, त्यानंतर वाहनमालकांची खाजगी माहिती अशी कुणालाही द्यायला बंदी आली. कायदा योग्यच आहे, माझी कुरकुर नाही. पण जुन्या गाड्यांच्या मागे लागलेल्यांना त्यामुळे वाकड्या वाटेने जावं लागतं.

माझी वाकडी वाट दारावरच्या रंगातून निघाली. वरचा मरून रंग मी पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू उतरवत होतो. त्याखाली काळा, काळ्याखाली रेड ऑक्साइडचा प्रायमर. काळ्यावर पोचल्यावर दिवा तिरका धरला तर चमक एकसारखी दिसेना. मध्येच मंद पट्टे होते. शर्यतीसाठी दारावर नंबर रंगवायचे, काम झालं की पुसून टाकायचे, पण उन्हात उभ्या गाडीवर नंबराखालचा रंग वेगळा राहतो. पहिला आकडा स्पष्ट दिसला. दुसरा 1 होता की 7, हे ओळखेना. बायकोला बोलावून विचारलं, ती म्हणाली सात. मुलाने एक सांगितलं.

आमच्या भागात नव्वदी ओलांडलेले एक बाबा आहेत. तरुणपणी एल मिराजला गाडी पळवलेले. आता दृष्टी गेलीय, पण शनिवारी सकाळी कॉफीला येतात आणि इंजिनाच्या आवाजावरून हेड कुणाचं, कॅम कुणाचा यावर पैज लावतात. त्यांनी जपलेल्या कागदांत त्या स्पर्धांचे जुने कार्यक्रमपत्रक होते. कुणाची कुठली गाडी, नंबर काय, क्लब कुठला, अशी यादी त्यात छापायचे. कागद पिवळा पडलेला, पिना गंजलेल्या. मी वाचत होतो, बाबा ऐकत होते आणि मधूनमधून “तो गेला”, “तोही गेला” म्हणत होते. 1 चा नंबर ज्याचा होता तो मॉडेल टी पळवायचा, म्हणजे बाद. 7 चा नंबर ए बॉडीच्या रोडस्टरचा होता, आणि मालकाच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं ब्रॅकेटवरच्या दोन अक्षरांशी जुळत होती. बाबांना तो माणूस आठवला नाही. “शेकडो पोरं होती रे,” म्हणाले.

नाव मिळालं तरी माणूस मिळत नाही. त्या नावाचे या राज्यात डझनाने असतील. इथे जनगणनेने हात दिला. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते 72 वर्षं बंद ठेवतात आणि मग सगळ्यांना खुले करतात. 1950 चे तक्ते 1 एप्रिल 2022 ला खुले झाले, फुकट, घरबसल्या. त्यात माणूस काय काम करतो आणि कुठल्या धंद्यात करतो, दोन्ही लिहिलेलं असतं. गणना करणाऱ्याचं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीलाही लाजवेल असं होतं, पण लाँग बीचच्या एका पानावर नाव जुळलं आणि पुढच्या रकान्यात मशिनिस्ट, त्यापुढे विमान कारखाना. वय चोवीस. बरोबर बायको. मूल नाही.

ते पान मी किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे. तारेचा पीळ खोटं बोलला नव्हता.

त्यानंतरचं सोपं होतं. शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवल्यात. त्यांत साल बदलत गेलो की माणूस कुठून कुठे राहायला गेला ते कळतं. लाँग बीचनंतर लेकवूड, आणि मग बरीच वर्षं तिथेच. शेवटी वर्तमानपत्रातली निधनवार्ता सापडली. अमेरिकेत निधनवार्तेत मागे कोण कोण राहिलं ते नावानिशी देतात. लग्नानंतर मुलींची आडनावं बदलतात, त्यामुळे नाहीतर मुलींचा माग लागतच नाही. मिस्त्री 2000 नंतर कधीतरी गेला, बायको त्याच्या आधी. एकुलती एक मुलगी, ॲरिझोनात प्रेस्कॉटला. निधनवार्तेत चर्च होतं, मासेमारी होती, विमान कारखान्यातली पस्तीस वर्षांची नोकरी होती. गाडीचा उल्लेख नव्हता.

इथे या छंदातल्या मित्रांमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणे, कळलं ना नाव, आता गप्प बस. बांधणाऱ्याचं नाव, एल मिराजचा पुरावा, एवढं मिळालं की गाडीची किंमत आपोआप चढते. घरच्यांना कळवलंस तर उद्या कुणीतरी उठून म्हणेल की आजोबांची गाडी चोरीला गेली होती. हे अगदीच हवेतलं नाही, असे वाद झालेले आहेत. पण मला तो विचार पटला नाही. ज्याच्या नावाने किंमत चढणार, त्याच्याच घरच्यांपासून नाव लपवायचं, हा हिशेब कोल्हापुरात काय किंवा कॅलिफोर्नियात काय, गैरच.

कळवायचं कसं, हा प्रश्न मात्र खरा होता. फोन करणं सगळ्यात सोपं, आणि तेच मला करता येत नव्हतं. भारतातून फोन करून अमेरिकन म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या टोळ्या इथे घराघरात माहीत आहेत. 2016 साली ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, त्याच्या बातम्या इथे दिवसेंदिवस चालल्या होत्या. माझ्या उच्चारांत कुणी अनोळखी माणूस सत्तरीच्या बाईंना फोन करून “तुमच्या वडिलांच्या गाडीसंबंधी” असं म्हणाला, तर त्यांनी फोन आपटावा हेच शहाणपण. म्हणून कागदी पत्र लिहिलं. मी कोण, कुठे राहतो, गाडी कशी आली, नाव कसं मिळालं. पैशाचा शब्द नाही, काही मागणं नाही. सोबत गाडीचे फोटो, डॅशबोर्डचाही. पंचाची अक्षरं गाडीवर कुठे आहेत ते मुद्दाम लिहिलं नाही. भोकं कशाची असावीत हेही नाही. समोरून जे येईल ते आपण न सांगता आलं तरच त्याला पुरावा म्हणायचा.

काही आठवडे काहीच नाही. मग एका रात्री बाईंच्या मुलाचा फोन. बोअरवेलचे पंप बसवण्याचा त्याचा धंदा आहे. त्याने आधी माझीच उलटतपासणी घेतली. कुठे काम करता, गाडी आत्ता कुठे आहे, चासीवरच्या नंबरातले शेवटचे आकडे काय. मी सगळी उत्तरं दिली. मग म्हणाला, “विकायचीय का आम्हाला? तसं असेल तर आत्ताच सांगा.” मी म्हटलं, तसं काही डोक्यात नाही, फक्त तुमच्या आईंना बघायची असेल तर बघावी. पलीकडे जरा थांबला आणि म्हणाला, “डॅशबोर्डच्या फोटोतल्या दोन भोकांमधलं अंतर मोजून सांगाल का?”

हातात व्हर्नियर कॅलिपर घेऊन फोन खांद्याने धरून मी अंतर सांगितलं. डाव्या जोडीचं आणि उजव्या जोडीचं सारखं नव्हतं. डाव्या जोडीवर तो म्हणाला, “हं.” पुढे बराच वेळ बोललाच नाही. त्याच्या आजीच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि बॉबिनांच्या खाली, एक पितळेची पट्टी होती. एल मिराज, 1949, ताशी 118 मैल आणि काही, म्हणजे जवळपास 190 किलोमीटर. ती कशाची आहे हे त्याला माहीत होतं. कुठे लावलेली होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी प्रेस्कॉटला न्यायची ठरली. चालवत नव्हे. फोर्डच्या त्या साइड व्हॉल्व्ह व्ही-8 ची जुनी खोड अशी की एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या मधून बाहेर पडतात. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीतला जाळ भोवतीचं पाणी तापवतो, अगदी तसं. सपाटीवर ठीक चालतं. ब्लाइदच्या वाळवंटातून जाऊन पुढे यार्नेलचा घाट चढायचा म्हटल्यावर कुणाची हिंमत आहे? मित्राचा बंद ट्रेलर मागून घेतला. घाटात आमच्या ट्रकचाच तापमानाचा काटा वर जायला लागला होता.

बाईंचं घर गावाबाहेर. मुलगा, सून, शेजारचे दोघं-तिघं अंगणात उभे. बाई पुढे आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “ही ती नव्हे. आमची लाल होती.”

सगळे गप्प. मी सांगायला लागलो की वरचा मरून रंग नंतरच्या कुणीतरी दिलेला, त्याखाली काळा आणि त्याखाली नुसता प्रायमर, लाल कुठेच नाही. बाई ऐकायला तयार नाहीत. आई नेहमी ‘लाल’ म्हणायची, आणि आईला रंग चुकीचा आठवणं शक्य नाही. त्यांनी अल्बममधला फोटो आणला. आई स्टिअरिंगवर बसलेली, केसांना रुमाल. बाकी सगळं जुळत होतं, पण फोटो कृष्णधवल. फोटोवरून लाल की काळी ते कोण सांगणार! मुलगा फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होता. “चाकं बॉडीहून फिकी दिसतायत,” म्हणाला आणि खिशातला चाकू काढून गाडीच्या चाकाजवळ उकिडवा बसला. रिमच्या आतल्या अंगाला, व्हॉल्व्हच्या भोकाशी, काळा रंग जरासा खरवडला. खाली लाल. कुंकवासारखा नव्हे, जरा विटकरीकडे झुकणारा, पण लालच. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने मान डोलावली.

मग पट्टी आली. मुलाने डाव्या जोडीवर ठेवली, भोकावर भोक बरोबर बसलं. ताज्या रंगाचा आयतही तिच्याच मापाचा. ब्रॅकेटखालची अक्षरं मी त्यांना शेवटी दाखवली. बाई आत गेल्या आणि वडिलांची हत्यारांची लाकडी पेटी घेऊन आल्या. मायक्रोमीटर, रेडियस गेज, काटकोन, प्रत्येकावर तीच दोन अक्षरं. एकाच पंचाची. एका अक्षराच्या पायाला बारीकसा टवका उडालेला होता, तो पेटीतल्या हत्यारांवरही होता आणि ब्रॅकेटवरही. माझ्या दृष्टीने पुरावा तो. पट्टी कुणी कुठूनही आणू शकतो, पण टवका कुणी आणणार नाही.

मला अजिबात अंदाज नव्हता ते सीटबद्दल कळलं. सीट मरून रेक्झिनची, नळ्या-नळ्यांची शिलाई असलेली, दोन ठिकाणी उसवलेली. शिलाईवाल्याने नवीन करून देतो म्हणून दर दिलेला होता, पण खालच्या बाजूची दुहेरी टीप इतकी सरळ होती की मी ती तशीच ठेवली होती. बाई सहज म्हणाल्या, “सीट आईने शिवली.” युद्धात आई लाँग बीचला डग्लसच्या कारखान्यात होती. बी-17 तयार व्हायची तो कारखाना, जिथे हजारो बायका कामाला होत्या. ती शिलाई खात्यात होती. मिस्त्री तिला तिथेच भेटला. म्हणजे गाडीचा एक मिस्त्री मी शोधत होतो आणि होते दोन. या छंदात बांधणाऱ्याचं नाव म्हणून नेहमी एका पुरुषाचं नाव घेतात. आता ही गाडी कुणाची असं कुणी विचारलं की मी दोघांची नावं सांगतो.

गाडी का विकली, तेही कळलं. लेकवूडला 1950 नंतर तीनेक वर्षांत साडेसतरा हजार घरं उभी राहिली. युद्धावरून आलेल्यांना तिथे सवलतीत घर मिळायचं. घर मिळालं, पण घरात ठेवायला काही नव्हतं, आणि मुलगी होणार होती. दोन माणसांची, बिनछताची गाडी तान्ह्या मुलासाठी काय कामाची? ती गेली आणि तिच्या पैशांत फ्रिज आणि शेगडी आली. बाईंच्या लहानपणी फ्रिजचं दार कुणी आपटलं की वडील ओरडायचे, “सांभाळून, एकशे अठरा मैल पळतो तो!” त्याचा अर्थ शाळेत जाईपर्यंत त्यांना कळला नव्हता.

गाडीने सगळ्यांना फेऱ्या मारून झाल्यावर मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, आता मी विचारतो, विकणार का? बाईंना ते पसंत नव्हतं. एवढी महागडी वस्तू घेऊन करायचं काय, आणि वडिलांनी विकली ती विचार करून विकली, असं त्यांचं म्हणणं. मायलेकांचं त्यावरून स्वयंपाकघरात वाजलंही, आम्ही अंगणात आकाश बघत उभे. मी लगेच हो म्हटलं नाही. घरी येऊन बायकोशी बोललो. तिचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. गॅरेजात आपली गाडी ठेवायला जागा हवी.

मी घेतली त्या किमतीला आणि वर घातलेल्या सुट्या भागांच्या पैशांना ती दिली. माझी मजुरी धरली नाही. पैसे हप्त्याने. मित्रांच्या मते मी मूर्ख. असेन. पण कागद मात्र चोख केले, आणि हे असं करणाऱ्या कुणालाही मी तेच सांगेन. बॉडी थोडी उचलून चासीच्या डाव्या रेलवरचा, बॉडीखाली झाकलेला नंबरही बघून घेतला. 18 ने सुरू होणारा तो नंबर पुढे स्टिअरिंगजवळ दिसणाऱ्या नंबराशी आणि टायटलवरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला. टायटल म्हणजे आपल्या आरसी बुकासारखा कागद. कॅलिफोर्नियात तो पूर्वी गुलाबी असायचा. दुसऱ्या राज्यातून गाडी आली की ॲरिझोनात नंबर प्रत्यक्ष बघून पडताळतात. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडलेल्या वाहनाला तिथे नाही नाही ते प्रश्न येतात. हप्त्यांचा करार लेखी केला. बाईंनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, तोंड वाकडं करून.

पट्टी त्यांनी अजून डॅशबोर्डवर लावलेली नाही. शिवणाच्या डब्यातच आहे, बाईंचा हट्ट. उजव्या जोडीच्या भोकांची दुसरी पट्टी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. मिस्त्रीचा एक धाकटा भाऊ होता, तो ओरेगनला गेला, त्याच्या मुलांचा शोध बाईंचा मुलगा घेतोय. माझी वाकडी वाट त्याला शिकवली, आता तो माझ्यापेक्षा पटापट जनगणनेची पानं वाचतो.

गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला. स्पार्क प्लग काळे पडतायत, गाडी चढावर गुदमरते. साहजिक आहे. प्रेस्कॉट कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास उंचीवर, हवा विरळ, आणि माझ्याकडे समुद्रकाठी बसवलेल्या स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटरांत अजून 45 चे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या. पेट्रोल जास्त, हवा कमी. तो म्हणतो, आजोबांनी बसवले ते बदलायचे नाहीत. मी सांगितलं की आजोबांचे जेट तुझ्या हातात आले तेव्हा आधीच तिसऱ्या कुणीतरी बदललेले होते, 43 चे मागव, दोन्ही कार्बोरेटरांत एकदम बदल, आणि बॅटरी लावताना लक्षात ठेव, या गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. मागवलेत म्हणाला.